काँक्रीटच्या ओट्याला देखभाल लागत नाही, हे सांगणं आता बंद करा

साचेवाला:

तीन दिवसांपूर्वी एका लेखात वाचलं: "काँक्रीटचा ओटा एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको. डाग पडत नाही, तडा जात नाही, उघड्यावरच्या स्वयंपाकघरातही तसाच राहतो." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तेव्हापासून डोक्यात राग आहे. असे लेख वाचून ओटा बसवणारी माणसं वर्षभराने चिडून फोन करतात ते आम्हा कारागिरांना, लेखकाला नाही.

चौदा वर्षं हेच काम करतोय. साचे बांधतो, ओततो, घोटतो, बसवून देतो. मला हा ओटा मनापासून आवडतो. दगड खाणीतून जसा येतो तसा घ्यावा लागतो. काँक्रीटला मात्र हवा तो आकार देता येतो, सिंक आणि निथळायचा उतार एकाच तुकड्यात ओतता येतो. पण सिमेंट म्हणजे चुना असलेली वस्तू आहे. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटोचा रस यातलं आम्ल त्या चुन्याला खातं. चकचकीत पृष्ठभागावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तिथे फिकट, खरखरीत वर्तुळ दिसतं. तो डाग नसतो, तिथली सिमेंटची सायच गेलेली असते. घासून निघणार कशी?

"सीलर मारला की झालं" (म्हणजे डाग-पाणी अडवणारा लेप) म्हणणाऱ्यांसाठी: आत मुरणारा सीलर तेल-पाणी बऱ्यापैकी अडवतो, आम्ल अडवत नाही. वर पापुद्रा धरणारा सीलर आम्लही अडवतो, पण त्यावर सुरीचे चरे उठतात आणि गरम भांडं थेट ठेवलं तर तो मऊ पडतो किंवा उचलला जातो. त्यातला इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, म्हणून उघड्यावर तो मी वापरतच नाही. एकाच सीलरमध्ये सगळं मिळत नाही. गिऱ्हाइकाला हे ओतायच्या आधी सांगा, नंतर नको.

तिसरी खोली:

असहमत, आणि जरा रागानेच असहमत. माझ्याकडे नऊ वर्षं काँक्रीटचा ओटा आहे. सिंकपाशी केसासारखी एक भेग आहे, शेगडीच्या डावीकडे तेलाचा काळसर पट्टा आहे, आणि लिंबाची वर्तुळं किती आहेत ते मोजणं मी कधीच सोडलं. त्यातलं एक माझ्या मुलीने पहिल्यांदा स्वतः सरबत केलं त्या दिवसाचं आहे. लाकडी टेबलावर चरा उठला तर ते फसलं असं कोणी म्हणत नाही. काँक्रीटनेच का कायम नव्यासारखं दिसायचं? तुमच्यासारखे कारागीर लोकांना घाबरवतात आणि मग माणसं तोच तो चकचकीत दगड घेतात.

दगडप्रेमी:

घ्यावाच. साधं वजन बघा. २० मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरतो. काँक्रीटची लादी ४० ते ५० मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे ९५ ते १२० किलो. आमच्याकडे ठेकेदाराने खालच्या कपाटांना काहीही आधार न वाढवता लादी ठेवली. सहा महिन्यांत तीन दारं अडकायला लागली, एक तर उघडेचना. त्याचं उत्तर काय, तर "कपाटं हलकी होती." अरे मग आधी बघायचं कोणी?

साचेवाला:

बघायचं त्यानेच. यात तुमची काहीच चूक नाही. पण सगळी लादी जाड असते हे खरं नाही. काचतंतू घातलेलं काँक्रीट २० ते २५ मिलिमीटरमध्ये होतं. तंतू मात्र झिर्कोनिया असलेल्या, अल्कलीत टिकणाऱ्या काचेचेच हवेत. साध्या काचेचे तंतू सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू खराब होतात आणि काही वर्षांनी त्यांचा काही उपयोग उरत नाही.

मोजपट्टी:

भेगांचं खरं कारण कोणीच बोलत नाहीये: पाणी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्यापेक्षा जास्त पाणी ओतलं की ते नंतर उडून जातं, मागे छिद्रं राहतात आणि लादी आक्रसते. पाणी-सिमेंट प्रमाण वजनाने ०.४० च्या आसपास ठेवा, मिश्रण वाहतं हवं असेल तर प्लास्टिसायझर घाला. माझी सगळी नोकरी साइटवर "साहेब, जरा पातळ करू का" या एका वाक्याशी भांडण्यात गेली. माझी पाठ फिरली की बादली रिकामी! मग वाळताना मीटरला अर्धा मिलिमीटर आक्रसणं काही अवघड नाही, आणि तो ताण सिंकच्या कापाच्या आतल्या कोपऱ्यावर येतो. कोपरा काटकोनात ठेवला की भेग तिथूनच निघते. गोलाई द्या.

उघड्यावर तर आणखी हिशेब आहे. तीन मीटरची लादी, तापमानात ४० अंशांचा फरक: लांबी सुमारे सव्वा मिलिमीटर बदलते. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट चिणली तर ती जाणार कुठे? त्यात पाणी साचू दिलं तर लोणा फुटतो, आणि गोठणाऱ्या हवेत आत मुरलेलं पाणी बर्फ होताना ९ टक्के फुगतं आणि वरचे पापुद्रे सुटतात. उतार आणि सांधा, दोन्ही हवेत. मूळ लेखात यातलं एक अक्षर नव्हतं.

काउंटरमागची:

माझं छोटं उपाहारगृह आहे. पुढचा काउंटर काँक्रीटचा, चार मीटर लांब. एकसंध हवा म्हणून मी हट्ट केला. लादी आली तेव्हा दारातून वळेना. शेवटी दोन तुकडे पुन्हा ओतावे लागले, सांधा आजही दिसतो. तिसरी खोलीताई, तुमचं वर्तुळाचं प्रेम घरात शोभतं. माझ्याकडे दिवसाला शंभर ओले पेले त्या काउंटरवर टेकतात आणि गिऱ्हाईक त्या वर्तुळांना अस्वच्छताच समजतं. मुरणारा सीलर काढून पापुद्र्याचा मारला, त्यासाठी दोन दिवस धंदा बंद ठेवला. तरीही लोक आत येताना पहिला हात त्याच काउंटरवरून फिरवतात, हे मान्य करायलाच हवं.

दगडप्रेमी:

हे सगळं कशासाठी? क्वार्ट्झची तयार लादी घ्या, दगडाचा चुरा राळेत घट्ट करून कारखान्यात केलेली. सीलर नको, मेण नको, वर्तुळं नकोत. विषय संपला.

ओलसर वाळू:

विषय संपला? अवांतर वाटेल, पण मला बोलायचं आहे.

माझा थोरला भाऊ क्वार्ट्झच्या लाद्या कापायचा आणि घोटायचा. कोरड्या. अकरा वर्षं. त्या लाद्यांमध्ये ९० टक्क्यांपर्यंत स्फटिक सिलिका असते. कापताना उडणारी बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्याला सिलिकोसिस झाला. काम सोडल्यावरही तो आजार थांबला नाही. तो एकेचाळीस वर्षांचा आहे आणि एक मजला चढायला त्याला दोनदा बसावं लागतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली, बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावरसुद्धा. डाग पडत नाहीत म्हणून लादी निवडताना ती कोणी कापली हे एकदा विचारा.

दगडप्रेमी:

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मग काँक्रीटवाल्यांनी साव होऊ नये. वाळू म्हणजे काय आहे? सिलिकाच ना? साचेवाले घोटतात तेव्हा ती उडत नाही का?

तिसरी खोली:

आजारी माणसाचा विषय निघाला आणि तुम्ही वाद जिंकायला बघताय. शोभत नाही.

दगडप्रेमी:

वाद जिंकायचा नाहीये. माझ्या घरातला ग्रॅनाइटही कोणीतरी घोटलाच असणार, मलाही विचार करावा लागतोय. पण प्रश्न चुकीचा असेल तर तसं सांगा, उगाच शोभत नाही म्हणू नका.

मोजपट्टी:

प्रश्न बरोबर आहे. वाळूत, खडीत सिलिका असतेच. त्या बंदीत काँक्रीट येत नाही, पण काँक्रीटची धूळ निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. कुठल्याही दगडाची किंवा काँक्रीटची कोरडी घोटाई वाईटच. फक्त संगमरवरात सिलिका बरीच कमी असते.

साचेवाला:

दगडप्रेमींचं म्हणणं मान्य करावं लागतंय. आवडत नाहीये, पण खरं आहे. पहिली चार वर्षं मी तोंडाला ओलं फडकं बांधून कोरडंच घोटायचो. कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पाण्याने होणारा राडा नको असायचा. आता पाणी सोडूनच घोटतो. ५० नंबरच्या हिऱ्याच्या पॅडपासून ३००० पर्यंत एकदाही कोरडं नाही. दुकानात चिखल होतो, होऊ दे.

ओलसर वाळू:

फडक्यातून ती धूळ आरपार जाते, ओलं असलं तरी. माझा भाऊसुद्धा फडकंच बांधायचा. आणि चिखल "होऊ दे" म्हणू नका. तो रात्रभर वाळला की सकाळी झाडू मारताना तीच धूळ पुन्हा उडते. त्याच दिवशी, ओला असतानाच धुऊन काढा.

तिसरी खोली:

माझा ओटा ज्याने केला त्याला नऊ वर्षांत मी हे कधीच विचारलं नाही. डागांच्या गोष्टी मात्र सगळ्यांना सांगत बसले. त्याचा नंबर अजून आहे. आणि साचेवाले, डागांबद्दल तुम्ही आधी सांगायला हवं म्हणता ते पटलं. मला आधी सांगितलं होतं, म्हणूनच कदाचित मी चिडले नाही.

काउंटरमागची:

मला कोणीही सांगितलं नव्हतं. साचेवाले, तुम्ही नेमकं काय करता?

साचेवाला:

त्याच मिश्रणाचा, त्याच सीलरचा, हातभर लांब-रुंद तुकडा ओतून गिऱ्हाइकाच्या घरी ठेवतो. महिनाभर वापरा म्हणतो. लिंबू पिळा, तेल सांडा, गरम भांडं ठेवा. महिन्याने तुकडा बघूनही ओटा हवासा वाटला तरच मूळ साचा बांधायला घेतो. दहातले दोन-तीन जण नको म्हणतात. काम जातं, पण नंतरचे फोन येत नाहीत.

ओलसर वाळू:

आणि तुमच्याकडे घोटायला जी पोरं आहेत, ती तोंडाला काय लावतात?

साचेवाला:

दोघं आहेत. बदलत्या फिल्टरचा रबरी मुखवटा दोघांना दिलाय. धाकटा उन्हाळ्यात काढून ठेवतो, घाम येतो म्हणून, आणि मी काणाडोळा करतो. चिखलही सकाळीच झाडला जातो, तुम्ही म्हणालात तसाच, वाळल्यावर. आज संध्याकाळी काम थांबल्यावर पाइप लावून आधी जमीन धुतो.