शब्दचर्चा : ‘कनिष्ठ मूळ’ आणि 22,61,53,980

चाळीसगाव : ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आपल्या पाटणच्या शिलालेखात आहे, त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात (शके 1072, इ.स. 1150) 61 चं उदाहरण येतं. त्यात 22,61,53,980 हे ‘कनिष्ठ मूळ’. शेवटी शून्य असलेली संख्या ‘मूळ’ कशी? आणि कनिष्ठ कुणाहून?

अमळनेर : भाऊ, हे मूळ ‘वर्गमूळ’मधलं, ‘मूळ संख्या’मधलं नव्हे. एखाद्या संख्येचा वर्ग 61 ने गुणायचा, त्यात 1 मिळवायचा. येईल तोही पूर्ण वर्गच हवा. 61 ही ‘प्रकृती’, 1 हा ‘क्षेप’. ज्या संख्येचा वर्ग गुणला ते कनिष्ठ मूळ, आलेल्या वर्गाचं मूळ ते ज्येष्ठ : 1,76,63,19,049. धाकटं-थोरलं, बस. शून्य-एकची जोडी सोडली तर पूर्ण संख्यांत याहून लहान जोडी नाही. शाळेतली ‘मूळ संख्या’ वेगळी : 1 आणि स्वतः, हे दोनच विभाजक असलेली. अहिराणीत ळचा य झाला तरी दोन्हीकडे ‘मूय’च, म्हणजे तिथंही सुटका नाही!

धुळे : पडताळा स्प्रेडशीटवर सरळ गुणाकार करून घेऊ नका. उत्तर 19 अंकी येतं, ती 15 अंक धरते आणि पुढं शून्यं भरते. क्षेपाचा 1 तिथंच गडप. त्यापेक्षा ज्येष्ठातून 1 काढा, 2 × 29,718² मिळेल. ज्येष्ठात 1 घाला, 2 × 61 × 3,805² मिळेल. या दोन्हींचा गुणाकार म्हणजेच 61 × कनिष्ठाचा वर्ग, कारण 2 × 29,718 × 3,805 = 22,61,53,980.

जळगाव : ‘मूळ’पेक्षा जास्त घोळ ‘अवयव’ या शब्दाचा. या संख्येचे अवयव किती? 6, 8 आणि 144 ही तिन्ही उत्तरं ऐकायला मिळतात. अवयव पाडले तर 2² × 3² × 5 × 13 × 127 × 761. वेगवेगळे मूळ अवयव 6, पुन्हा आलेले धरून 8. आणि निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या, 1 आणि ती स्वतः धरून, 3×3×2×2×2×2 = 144. या 144 ना ‘विभाजक’च म्हणावं, ‘अवयव’ नको.

180 आणि 13 ने भागल्यावर 96,647 उरतात. 100 पर्यंतच्या मूळ संख्या लावून पाहिल्या, एकही लागली नाही, म्हणून ती मूळच असं ठोकून देतात. तिचं वर्गमूळ 310 च्या पुढं आहे, तिथवर जायला हवं. 127 ने भाग जातो.

चाळीसगाव : अंकांची बेरीज 36 येते, म्हणून 36 ने भाग जातो, बरोबर ना?

जळगाव : भाग जातो, कारण चुकलं. बेरजेवरून फक्त 9 ठरतो. 4 ठरतो शेवटच्या 80 वरून. 9,999 घ्या : बेरीज 36, संख्या विषम.

धुळे : आणि मधे ‘एकसष्ट लाख’ दिसतं म्हणून 61 ने भागू नका. तो जात नाही.