वंध्यत्व केंद्राच्या शोधनिबंधांवर कितपत विसंबावे? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पतीपत्नी नागपूरला राहतो आणि धंतोली-रामदासपेठ परिसरातील एका केंद्रात आयव्हीएफचे उपचार घेत आहोत. केंद्राने माहितीपत्रासोबत आपल्या डॉक्टरांच्या संशोधनाची लांबलचक यादी दिली आहे. यादी लांब म्हणजे डॉक्टर मोठे, असे घरच्या वडीलधाऱ्यांचे मत. मला मात्र यादी वाचल्यावरच प्रश्न पडू लागले.

यादीत बरेचसे परिषदांत सादर केलेले सारांश आहेत. नियतकालिकांत छापलेले पूर्ण लेख त्या मानाने थोडे, आणि त्यांतही बहुतेक केंद्राच्या जुन्या नोंदी चाळून मागाहून केलेली विश्लेषणे. आम्हाला भ्रूण प्रत्यारोपणाआधी गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडा काढण्याचा, म्हणजे एंडोमेट्रियल स्क्रॅचिंगचा, सल्ला मिळाला आहे आणि त्याला आधार म्हणून अशाच एका विश्लेषणाचा हवाला दिला गेला. परंतु २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,३६४ स्त्रियांची दोन गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली होती, आणि ओरखडा काढलेल्या व न काढलेल्या अशा दोन्ही गटांत जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण सारखेच, २६.१ टक्के, आढळले. केंद्राच्या लेखात ओरखडा कोणाला द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवलेले दिसते. मग मुळात ज्यांना यशाची शक्यता अधिक होती त्याच स्त्रिया त्या गटात आल्या नसतील कशावरून?

दुसरी अडचण टक्केवारीची. लेखात यश म्हणजे सोनोग्राफीत दिसलेली गर्भधारणा, आणि तीही प्रत्यारोपण झालेल्या स्त्रियांपुरती मोजलेली. ज्यांची बीजे किंवा भ्रूण तयारच झाले नाहीत त्या हिशेबातून वगळल्या जातात, आणि पुढे गर्भपात झाला तरी आकडा तोच राहतो.

दोन निबंधांना ‘चाचणी’ म्हटले आहे, पण त्यांचा नोंदणी क्रमांक कुठेच दिलेला नाही. जुन्या नोंदींच्या अभ्यासाला सीटीआरआयवर, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागत नाही हे मला कळते. रुग्णांवर प्रत्यक्ष केलेल्या चाचणीसाठी मात्र ती २००९ पासून आवश्यक आहे. शीर्षक आणि उपचाराचे नाव घालून शोधले, तरी काही सापडले नाही. याखेरीज शोधण्याचा मार्ग कोणता?

केंद्राच्याच प्रयोगशाळेतील, आपल्याच भागातील रुग्णांवरचा लहान अभ्यास परदेशातील मोठ्या चाचणीपेक्षा आम्हाला अधिक लागू पडतो, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य किती? आणि सुरू केलेल्या प्रत्येक उपचारचक्रामागे, वयोगटानुसार, किती जिवंत बाळे जन्मली हा आकडा त्यांच्याकडे मागताना आणखी काय विचारावे?