जुनं डांबर नव्या रस्त्याच्या पोटात: काटकसर की धूळफेक?

रेगडवाला, परभणी: काल इथं एकानं लिहिलं, 'उखडलेलं डांबर खालच्या थरात घालणं म्हणजे ठेकेदाराची चंगळ.' वाचून डोकंच फिरलं. मिलिंग मशीननं खरवडलेला माल कचरा नसतो हो. ती आपलीच बेसॉल्टची खडी आहे, अंगावर जुनं, कडक झालेलं डांबर एवढंच. आयआरसी १२० हे इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१५ चं मार्गदर्शन याच कामासाठी आहे. इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) किंवा फोम बिटुमेन (गरम डांबराचा फेस) आणि थोडं सिमेंट मिसळून बेसचा, म्हणजे खालचा थर करतात. रोज नवे डोंगर फोडायचे, तर क्रशरची धूळ कुणाच्या कापसावर बसते?

खड्डेपुराण: काल लिहिणारा मीच. तुमचं फोम-बिम कागदावर. आमच्या फाट्यावर डंपरनं खरवड ओतली, ग्रेडर फिरवला, वरून कार्पेट, म्हणजे डांबराचा पातळ थर. ना चाळणी, ना नवी खडी. काही ढेकळं तर डोक्याएवढी. पहिल्याच पावसाळ्यात चाकोऱ्या.

रेगडवाला: नुसती खरवड ओतली तर दुसरं काय होणार? डांबर माखलेले तुकडे एकमेकांत घट्ट अडकत नाहीत, वजनाखाली सरकत राहतात, उन्हात जास्तच. म्हणून तर नवी खडी मिसळायची. दोष मालाचा की कामाचा?

उदगिरी मिरची: खालच्या काळ्या मातीचं कुणी बोलतच नाही! पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चुना मिसळा, मुरूम भरा, नाल्या मोकळ्या करा. नाहीतर वर सोनं अंथरा, खचणारच.

खड्डेपुराण: मातीपेक्षा ऊस वाईट. गाळप सुरू झालं की एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, शिगोशिग.

शिवारातला: आलात शेतकऱ्यावर! वाळूचे हायवा रात्री दोनला जातात तेव्हा कामून झोपता?

रेगडवाला: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. ऊस असो की वाळू.

शिवारातला: आमची ट्रॉली निदान काट्यावर उभी राहते. तिथं मारतात ते वेगळंच. तुमच्या हायवाचं वजन कोण करतं? एसीत बसून १६ पट शिकवू नका.

रेगडवाला: एसी? साइटवर फुफाटा खाऊन केस पिकले, दादा.

खड्डेपुराण: बरं, हायवासुद्धा. खूश?

वेशीजवळची: तुमचं भांडण चालू द्या. आमच्या गल्लीत दरवेळी जुन्यावरच नवा थर ओततात. आधी पायरी चढून घरात जायचो, आता उतरून जातो. पावसाचं पाणी थेट ओसरीत, धान्याची पोती विटांवर. खरवडून तेच खाली घातलं तर उंची फारशी वाढणार नाही ना? मग मला चालतंय.

रेगडवाला: हेच सांगतोय, ताई.

खड्डेपुराण: ताईंचा मुद्दा खरा. तुमचा नाही, ताईंचा. तरी चाळणीचा रिपोर्ट दाखवा, माझ्यासमोर रस्त्याला भोक पाडून थरांचा नमुना (कोअर) काढा, मग गुलाल मी आणतो.

शिवारातला: आणि हायवाचं?