मदत हवी आहे: नववीत परकीय भाषा घ्यावी का, आणि कोणती?

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत गेली. शाळेत फ्रेंच, जर्मन आणि जपानी असे तीन पर्याय आहेत. घरात दोन मतं आहेत. एक म्हणजे, हा वेळ गणित-विज्ञानाला द्यावा. मला मात्र मनापासून वाटतं की तिने भाषा शिकावी. दुसऱ्या भाषेचं व्याकरण शिकताना आपल्या भाषेकडेही नव्याने लक्ष जातं. परवा जर्मनमध्ये तीन लिंगं असतात हे कळल्यावर ती स्वतःहून विचारत बसली, की मराठीत 'टेबल' नपुंसकलिंगी आणि 'खुर्ची' स्त्रीलिंगी का? हा प्रश्न तिला याआधी कधी पडला नव्हता! मला फार आनंद झाला.

तिचा ओढा जपानीकडे आहे. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच, त्यामुळे रचना तिला ओळखीची वाटते. पण हिरागाना, काताकाना या दोन लिप्या आणि वर रोजच्या वापरातल्या 2,136 कांजींची (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची) अधिकृत यादी! दहावीच्या अभ्यासासोबत हे झेपेल का?

ज्यांनी शाळेत भाषा शिकली किंवा मुलांना शिकवली, त्यांनी कृपया सांगा: दोन वर्षांत खरंच बोलता येतं, की फक्त गुणांपुरतं पाठांतर होतं? जपानीची एन5 किंवा युरोपीय भाषांची ए1 ही सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा वेगळी द्यावी का? आणि पुढे शाळेत ती भाषा सुटली, तर सराव कसा टिकवलात? तिला पुढच्या आठवड्यात विषय कळवायचा आहे.