१९६६ची एअरस्ट्रीम: पत्र्याला आरशासारखी चमक कशी आणायची?

दापोडीकर (फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नेब्रास्कातल्या एका शेतावरून १९६६ची एअरस्ट्रीम ट्रेड विंड घेऊन आलो, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा, आत राहता येणारा ॲल्युमिनियमचा ट्रेलर. २४ फुटी आहे. वीसेक वर्षं गोठ्याच्या भिंतीला लागून उभी होती. उंदरांची घरटी काढली, कुजलेलं प्लायवुड उचकटून नवी जमीन टाकली. आतलं काम मला जमतं. अडलोय बाहेरच्या पत्र्यापाशी. सगळा पत्रा राखाडी, मळकट झालाय. उन्हाकडच्या बाजूला पिवळट पापुद्रे सुटलेत आणि जोडांच्या कडेनं केसासारख्या बारीक नागमोडी रेषा पसरल्यात.

ही गाडी का घेतली तेही सांगतो. माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. एकजण बाहेरून रिपिट (रिव्हेट) मारतोय, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतोय, आणि बघता बघता एसटीच्या अंगावर पत्रा चढतोय, हे मी तासन्‌तास पाहिलंय. या ट्रेलरवर हात फिरवला आणि रिपिटांची ती ओळ बोटांना लागली तेव्हा मी किंमत विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत, पिंपरीत असतात, इतका लांबचा प्रवास झेपत नाही. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्यांना ही गाडी दाखवायची आहे, चकचकीत.

दाराजवळ फूटभर जागेवर प्रयोग केला. चार शून्यांची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल घासली, वरून क्रोमचं पॉलिश लावलं. जागा धुरकट झाली आणि गोल गोल ओरखडे उठले. आता पुढे हात लावायची भीती वाटते. कोणतं पॉलिश, कोणतं मशीन, किती दिवस लागतील? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

मियामी_व्हॅली (डेटन, ओहायो)

दापोडीकर, स्टील वूल आजपासून बंद. तिचे लोखंडी कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात. ओल लागली की ते गंजतात आणि आजूबाजूच्या पत्र्याला बारीक खड्डे पाडतात. ती जागा भरपूर पाण्यानं धुऊन कोरडी करा. उरलेले कण पॉलिशच्या वेळी निघतील.

आमची १९६१ची एअरस्ट्रीम बॅम्बी आहे, १६ फुटी. एअरस्ट्रीमचा कारखाना असलेलं जॅक्सन सेंटर इथून तासाभरावर, त्यामुळे या भागात जुन्या गाड्या आणि त्या घासणारी माणसं दोन्ही सापडतात. मी आणि नवऱ्यानं दोन उन्हाळे खर्च केले. मी वही ठेवली होती: १०४ तास, त्यातले ३१ नुसता जुना लेप काढण्यात.

तुमचा पहिला प्रश्न पॉलिश कोणतं हा नकोच. तुमच्या पत्र्यावर लेप आहे का, हे आधी बघा. त्या काळातल्या गाड्यांना कारखान्यातच पारदर्शक लेप दिलेला असे. उन्हानं तो पिवळा पडतो आणि सुटतो. तुमचे पापुद्रे म्हणजे तोच लेप. पांढऱ्या फडक्यावर थोडं धातूचं पॉलिश घेऊन जागोजागी घासून बघा. फडकं लगेच काळं झालं तर पत्रा उघडा आहे. पांढरंच राहिलं तर तुम्ही लेपावर घासताय. तुमची जागा धुरकट दिसते कारण तिथे अर्धा लेप, अर्धा धातू असं झालंय.

केसासारख्या रेषा हा लेपाखालून गेलेला गंज. पत्र्याच्या कडेला किंवा रिपिटापाशी लेप तुटतो, ओल शिरते आणि धाग्यासारखी पुढे सरकत जाते. लेप निघाल्यावर त्या वाढायच्या थांबतील आणि पॉलिशनं फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. आमच्या बॅम्बीच्या मागच्या बाजूला आहेत तशाच. त्या काढायच्या हट्टापायी एका जागी मशीन धरून ठेवू नका, फार कळकळीनं सांगतेय.

लेप रसायनानंच काढायचा, सँडपेपरनं नाही. मिथिलीन क्लोराइडवाले जुने जालीम रिमूव्हर २०१९पासून इथे घरगुती ग्राहकांना मिळत नाहीत, आणि ते बरंच झालं, त्यांच्या वाफेनं माणसं गेली आहेत. बेंझिल अल्कोहोलवाली जेल घ्या. हळू काम करते. जाड थर लावायचा, वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवायची म्हणजे वाळत नाही, आणि वाट बघायची. मग प्लॅस्टिकच्या उलथन्यानं ओढायचं. खिडक्यांचं रबर, मागच्या दिव्यांच्या काचा आधी टेपनं झाका. आम्ही एक दिवा झाकायला विसरलो आणि त्याचं लाल प्लॅस्टिक पांढरं पडलं.

एक गोष्ट आपल्या बायकांना चटकन कळेल. हॉकिन्सचा कुकर डिशवॉशरमध्ये घातला की काळा ठिक्कर पडतो ना? ती पावडर अल्कलीयुक्त असते आणि ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. तसंच ट्रेलरला ओव्हन क्लीनर, कॉस्टिक असलेला डीग्रीझर, धुण्याचा सोडा, काही म्हणजे काही लावायचं नाही. भांड्यांचा साधा मऊ साबण पुरे.

आता पॉलिश. आम्ही नुव्हाइट वापरलं. त्यात खरखरीत ते बारीक अशा पायऱ्या असतात. एफ-७ जड मळासाठी, मग सी, शेवटी एस. तुम्ही सुरुवात सी नंच करून बघा. त्यानं भागलं तर एफ-७ला हात लावू नका. सात इंची फिरतं बफिंग मशीन, लोकरीचं पॅड, वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास. दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्यायची, बोटानं टिकल्या लावतो तसं पॉलिश लावायचं, सात-आठ टिकल्या. सगळ्यांची चूक इथेच होते, पॉलिश जास्त घेतात. जास्त पॉलिशनं काळा चिखल होतो, चमक येत नाही. आधी हळू फिरवून काळं पसरू द्यायचं, मग ते काळं आपोआप नाहीसं होईपर्यंत फिरवत राहायचं. खालून चेहरा उगवतो. पहिल्यांदा तो क्षण आला तेव्हा मी मशीन बंद करून नुसती बघत उभी राहिले होते.

पॅड सपाट ठेवा. कड रिपिटावर किंवा जोडाच्या धारेवर आपटली की मशीन हातातून उसळतं. पॅड काळं झालं की बोथट स्क्रूड्रायव्हरनं विंचरा. माझ्याकडे अशी सहा पॅड होती, आळीपाळीनं. रिपिटांभोवती काळं साचतं ते मिनरल स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशनं निघतं. नंतर थोडं कॉर्नस्टार्च टाकून पुसलं की उरलेला तेलकटपणा शोषला जातो. ती फडकी ढीग करून ठेवू नका, बाहेर एकेक पसरून वाळवा. मास्क, चष्मा, कानात बोळे हवेतच. नखांतलं काळं चार दिवस जात नाही.

एवढं झाल्यावर लांबून आरसा दिसेल, पण संध्याकाळी कलत्या उजेडात गोल गोल जाळं दिसेल. ते घालवायला दोन डोक्यांचं सायक्लो मशीन आणि एस पायरीचं पॉलिश. या टप्प्यात घाई केली तर आधीची सगळी मेहनत जाळ्याखाली झाकली जाते.

आणि हे सगळं करण्याआधी गळती शोधा. छतावर नळी सोडून आत टॉर्च घेऊन बसा. ज्या जोडांत सीलंट घालायचं आहे, ज्या रिपिटा बदलायच्या आहेत, ते पॉलिशच्या आधी. तिथे आधीच्या मालकानं सिलिकोन फासलं असेल तर ते पूर्ण खरवडा, त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही.

ओझरचा_काका (नाशिक, सध्या न्यू जर्सी)

मी ओझरला एचएएलमध्ये शीट मेटलला होतो, मिग विमानांच्या कामावर. निवृत्त आहे, मुलीकडे आलोय. ट्रेलर मी कधी पॉलिश केला नाही, पण पत्रा ओळखतो. ताईंनी सांगितलंय ते सगळं बरोबर आहे. फक्त त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे दापोडीकरांचा हात आपोआप हलका पडेल.

हा पत्रा अल्क्लॅड आहे, विमानाला लागतो तोच. मधला गाभा २०२४ मिश्रधातूचा. त्यात साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. तांब्यामुळे ताकद येते, पण गंजाला तो गाभा कच्चा. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर लाटून बसवतात. आरसा होतो तो त्या शुद्ध थराचा. तुमच्या गाडीचा पत्रा ०.०३२ इंची असणार, म्हणजे ०.८ मिलिमीटर. पातळ पत्र्याला प्रत्येक बाजूचा क्लॅड, म्हणजे तो शुद्ध थर, जाडीच्या पाच टक्के. हिशोब करा: ०.०४ मिलिमीटर. छापायच्या साध्या कागदाच्या निम्म्याहून कमी. पॉलिश म्हणजे दर वेळी त्यातलंच थोडं काढणं. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि खालचा गाभा कितीही घासा, तशी पांढरी चमक देत नाही.

आमच्याकडे क्लॅडवर खोल ओरखडा दिसला की काम तिथेच थांबायचं. क्लॅडच्या वर आहे का आरपार, हे ठरल्याशिवाय पुढे नाही. तुम्ही जुन्या फ्रिजच्या जाळीसाठी किंवा कशासाठी पत्रा कापला असेल तर तो तुकडा घ्या. कापलेली कड घासून गुळगुळीत करा, त्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. हातमोजे, चष्मा घालून. मधली पट्टी तांब्यामुळे काळी पडेल आणि दोन्ही कडांना पांढरी रेघ राहील. ती रेघ म्हणजे तुमची सगळी पुंजी. नंतर भरपूर पाण्यानं धुवा. गाडीवर हा प्रयोग करायचा नाही, फक्त तुटक्या तुकड्यावर.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. रिपिट मारणाऱ्याचा आतला जोडीदार कसा आहे त्यावर रिपिट ठरते, हे ते तुम्हाला सांगतील.

टक्सनवाला

ताईंच्या बाकी सगळ्याशी सहमत. फक्त एक भर आणि एक मतभेद.

भर ही की उन्हात काम करू नका. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळून चिकटतं. मी ॲरिझोनात पहाटे पाच ते आठ एवढंच काम करायचो, गाडी फिरवून सावलीची बाजू समोर घेऊन.

मतभेद हा की ताई पॉलिशनंतर काही लावतात का ते त्यांनी लिहिलं नाही, पण बरेच लोक उघडं ठेवा म्हणतात. मी व्यावसायिकाकडून नवा पारदर्शक लेप देऊन घेतला. चमक थोडी उतरते, हे खरं. पण मी वर्षातले पाच महिने फिरतो, दरवर्षी हातात मशीन घेणं मला शक्य नाही.

मियामी_व्हॅली

आम्ही उघडं ठेवतो. दर मे महिन्यात फक्त एस आणि सायक्लो, दोन शनिवार. काकांनी क्लॅडचं गणित मांडलं तसं मलाही आधी कुणी मांडून दाखवायला हवं होतं, पहिल्या वर्षी मी एफ-७ गरजेपेक्षा जास्त वापरलं. पण लेप दिला की एक दिवस तो परत पिवळा पडणार, परत जेल लावून काढावा लागणार. माझी तयारी नाही. कोलोरॅडोची हवा कोरडी आहे, दापोडीकर, तिथे उघडी चमक इथल्यापेक्षा जास्त टिकेल. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात गाडी मात्र नेऊ नका, नेलीत तर आल्या आल्या धुवा.

दापोडीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. काका, कापलेल्या तुकड्यावर थेंब टाकला. मध्ये काळं, कडेला दोन पांढऱ्या रेघा, भिंगातून जेमतेम दिसतात. तो तुकडा आता गॅरेजमध्ये मशीनच्या खिळ्याशेजारी टांगून ठेवलाय.

लेप काढायला एकोणीस तास गेले आणि अजून छत बाकी आहे. काल दाराकडच्या बाजूच्या पहिल्या पत्र्यावर सी पायरी पूर्ण केली. एफ-७ लागलंच नाही. स्टील वूलची जागा ओळखू येते, पण फक्त मला. नागमोडी रेषा राहू दिल्या.

दिवाळीपर्यंत थांबवलं नाही, बाबांना सकाळी फोन लावला. मी कॅमेरा पत्र्यासमोर धरून म्हटलं, बघा, मी दिसतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, जरा बाजूनं धर, ओळ दाखव. मी कॅमेरा पत्र्याला टेकवून रिपिटांच्या रेषेवरून सरकवत नेला, पुढपासून मागपर्यंत. ते गप्प होते. मग म्हणाले, "एकपण बसकी नाही. कुणी मारल्यात रे?" साठ वर्षांपूर्वी ओहायोत की कॅलिफोर्नियात कुणी मारल्या, मला कुठे माहीत. पण काका, तुमचा नमस्कार सांगितला. ओझर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, आणि आतल्या जोडीदाराचं ऐकून त्यांनी त्यांच्या जोडीदाराचं नाव घेतलं, जे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

ताई, सायक्लोच्या डोक्यांना कोणतं कापड लावता? दुकानातली तयार टोपणं महाग आहेत.

मियामी_व्हॅली

जुने शंभर टक्के सुती स्वेटशर्ट. पॉलिएस्टर मिसळलेलं नको, ते ओरखडतं. आतली लवदार बाजू पत्र्याकडे. झिप, शिवण, छापलेली अक्षरं सगळी कापून टाका. आधी एकदा धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता. २४ फुटीला दहा-बारा लागतील, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये बघा. एक तुकडा काळा झाला की बाजूला टाकायचा, उलटवून वापरायचा नाही.

आणि छत करताना शिडी पत्र्याला टेकवू नका.