गोपकाव्य आज लिहिता येईल का?

प्रश्न (काठावरचा):
गोपकाव्य म्हटलं की मेंढपाळ, पावा, झाडाची सावली, दुपारचा निवांतपणा. आता कुरणाला तारेचं कुंपण आणि मेंढपाळाच्या खिशात मोबाईल. जुन्या थाटात लिहावं तर खोटं वाटतं, वास्तव आणावं तर सरळ ग्रामीण कविता होते. मधली वाट आहे का?

रानवाट:
निवांतपणा ही अर्धीच गोष्ट. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक कवी थिओक्रिटसने हा प्रकार रुजवला. त्याच्या पाचव्या गीतात दोघे राखणे भेटल्या भेटल्या भांडतात: तू माझं कातडं चोरलंस, तू माझा पावा! मग त्यांची गाण्याची जुगलबंदी लागते. रोमन कवी व्हर्जिलच्या पहिल्याच गोपगीतात एकजण झाडाखाली पावा वाजवतोय आणि दुसरा, जमीन हिसकावली गेल्यामुळे, शेळ्या हाकत निघालाय. निघणाऱ्याला काढून टाका, उरलेली सावली लगेच गुळमट होते. कुंपण खुशाल येऊ द्या.

पाणकणीस:
सहमत, पण बिघडतं ते शब्दांत. अष्टाक्षरीत बघा:

हिरव्या रानी मेंढरे
चरती किती आनंदे

अक्षरं बरोबर आठ-आठ, दिसत मात्र काहीच नाही. 'हिरव्या' आणि 'आनंदे' कुठल्याही रानाला चिकटतात. आता हे:

तारेला राहे लोकर,
मेंढरू निघून जाई

कुंपण आलं, पण तक्रार नाही. पहिल्या खर्ड्यातली विशेषणं खोडा आणि त्या जागी कामाची क्रियापदं घाला: हाकणं, कातरणं, वळवणं. मोबाईल नुसता 'आधुनिकता' दाखवायला आणलात तर तोही विशेषणच. रेंज शोधत टेकाडावर चढलेल्या राखण्याची पाठ कळपाकडे होते, असं काही घडत असेल तरच ठेवा.

काठावरचा:
मग ग्रामीण कवितेपासून वेगळं काय उरलं?

रानवाट:
अंतर. थिओक्रिटस मोठ्या शहरांतल्या वाचकांसाठी लिहीत होता. गोपकाव्यात बोलणारा बाहेरचा असतो आणि त्याला तिथं जावंसं वाटतं. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) मी म्हणूनच गोपकाव्यात धरत नाही. तिथं बोलणारा शेतातच उभा आहे.

पाणकणीस:
इतकी कडक रेघ नको. गौळणीत बोलणारी गोकुळातलीच असते, दुधाचा माठ तिच्याच डोक्यावर. ओढ तिथंही आहे, फक्त जागेची नाही, कृष्णाची. काठावरचा, तुमच्या कवितेत बोलणारा कुंपणाच्या कुठल्या बाजूला आहे, ते आधी ठरवा. मोबाईलचं नंतर बघू.