पन्नाशीत जलरंग हाती घेतले. सावल्या मळकट का होतात?

कृष्णाकाठ
माझे वय ५२ असून मी वाईजवळ राहतो आणि आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळत आलो आहे. शाळेत ‘तुझ्या हातात कला नाही’ असे सांगितले गेल्यामुळे एलिमेंटरीच्या परीक्षेलाही मी कधी बसलो नाही. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या जुन्या सामानात जलरंगांची पेटी सापडली आणि मी खिडकीतल्या पितळी तांब्याचे चित्र काढायला बसलो. तांब्या वाकडाच उतरला. परंतु त्याच्या पोटावर आकाशाचा निळा उजेड पडतो आणि बुडाशी फरशीचा लाल रंग उमटतो, हे मला त्या दीड तासात प्रथमच दिसले. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी मी मेणवलीच्या घाटावर चित्र काढत बसतो.

अडचण अशी की, पायऱ्यांवर पडणाऱ्या सावल्या माझ्या चित्रात चिखलासारख्या होतात. काळा रंग मिसळून आणि वारंवार ब्रश फिरवूनही त्यांत खोली येत नाही. या वयात रीतसर वर्ग लावावा का, की स्वतःच शिकत राहावे?

जलरंगी
आपला दोष हाताचा नसून घाईचा आहे, असे मला वाटते. जलरंगातील उजळपणा पांढऱ्या कागदाचा असतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि परततो. पहिला थर अर्धवट ओला असताना त्यावर पुन्हा ब्रश फिरवला, की बसू लागलेला रंग उचलला जातो आणि ती पारदर्शकता नाहीशी होते. काळ्या रंगाने सावली आणखी निर्जीव होते. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून पाहा; निळा वाढवला तर थंड आणि तपकिरी वाढवला तर उबदार करडा रंग मिळतो, आणि घाटाच्या काळ्या दगडाला हे दोन्ही लागतात. थर वाळला की नाही हे पाहण्यासाठी बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवावी. कागद गार लागला तर थांबावे. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो, म्हणून शक्य झाल्यास ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) सुती कागद वापरावा, मग चित्र लहान आकाराचे झाले तरी चालेल.

शाईचा डाग
वयाची चिंता आपण मनातून काढून टाकावी. रवींद्रनाथ ठाकूर यांनी साठी ओलांडल्यावर चित्रकलेत गंभीरपणे लक्ष घातले, तेही हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळींना आकार देता देता, आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा ही सुरुवात अधिक मोलाची वाटते, कारण खोडाखोडीकडे त्यांनी चूक म्हणून न पाहता आकार म्हणून पाहिले. आपल्या तांब्याचेही तसेच झाले आहे.

माणदेशी
वरील मताशी मी सहमत आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. एकट्याने शिकणारा माणूस आपली चूक वर्षानुवर्षे गिरवत राहू शकतो, आणि माझे स्वतःचे यथार्थदर्शन (चित्रात दूर-जवळचे अंतर दाखवणे) असेच दहा वर्षे चुकत होते. त्यामुळे नियमित वर्ग लावला नाही, तरी महिन्यातून एकदा जाणकाराला चित्रे दाखवावीत. शिवाय आपल्याच जिल्ह्यात औंधचे श्री भवानी संग्रहालय आहे, जे औंधचे संस्थानिक आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभे केले. तेथील मूळ चित्रांसमोर शांतपणे बसावे. छापील प्रतीत सावली सपाट काळी दिसते. मूळ चित्रात त्याच सावलीत किती रंग आहेत ते मोजावे.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. काल काळ्या रंगाची वडी पेटीतून काढून ठेवली आणि घाटावरील पोर्तुगीज घंटा टांगलेल्या छोट्या देवळाची सावली केवळ दोन रंगांत रंगवली. कागद गार लागत असताना हात आवरणे फार कठीण गेले. तोवर ऊन सरकले आणि सावली दोन पायऱ्या खाली गेली. तरीही पहिल्या थरातून कागद दिसतो आहे. पुढच्या रविवारी औंधला जाणार आहे. सोबत लहान वही आणि पेन्सिल घेईन.